महागाई भत्ता आला कोठून?

महागाई भत्ता हे दोन शब्द आज प्रत्येक पगारदार घरात परिचयाचे आहेत. वर्षातून दोनदा त्याची टक्केवारी वर्तमानपत्रात छापून येते आणि त्या दिवशी कचेऱ्यांतून दुसरे काम थोडे कमीच होते. परंतु ही टक्केवारी कशी काढतात, आणि ती काढण्याची रीत मुळात कोणाच्या खटपटीतून निघाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सरकारने केव्हातरी उदार होऊन हा भत्ता सुरू केला असावा, अशीच पुष्कळांची समजूत दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. हा भत्ता कापडगिरण्यांच्या आवारात जन्मला. तो मिळवण्यासाठी माणसे आठवडेच्या आठवडे बिनपगारी बसली, आणि त्याचा हिशेब कोणत्या आकड्यावर करावा यासाठीही पुन्हा भांडावे लागले.

मजुरीला दोन रूपे असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. एक रूप हातावर पडणाऱ्या नाण्यांचे आणि दुसरे त्या नाण्यांच्या मोबदल्यात घरी येणाऱ्या ज्वारी-तांदळाचे, तेलाचे, लुगड्या-धोतराचे. अर्थशास्त्रज्ञ पहिल्यास पैशातील वेतन आणि दुसऱ्यास खरे वेतन म्हणतात. मालकाने मजुरीतून एक आणा कापला तर कामगाराला ते त्याच दिवशी कळते व तो जाब विचारतो. परंतु मजुरी आहे तेवढीच राहिली आणि बाजारात भाव दीडपट झाले, तर मजुरी एक-तृतीयांशाने कापली जाते आणि कापणारा कोणीच नसतो! मालक म्हणतो, मी तर पूर्वीइतकेच देतो. वाणी म्हणतो, मलाच माल महाग पडतो. दोघेही एका अर्थी खरेच बोलतात. अशा वेळी एकट्याने जाब विचारायचा तरी कोणाला? कामगार संघटनांच्या इतिहासातील मोठे लढे महागाईच्या काळात का झाले, याचे उत्तर यात सापडते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हा प्रश्न आपल्याकडे प्रथमच उग्र स्वरूपात पुढे आला. त्यातील अहमदाबादचे प्रकरण विशेष बोधप्रद आहे. १९१७ साली त्या शहरात प्लेगाची साथ आली. लोक गाव सोडून पळू लागले. परदेशी कापडाची आवक युद्धामुळे रोडावली होती आणि गिरण्यांना नफ्याचे दिवस आले होते. अशा वेळी माग बंद राहू नयेत म्हणून मालकांनी विणकरांना ‘प्लेग बोनस’ देऊ केला. तो काही ठिकाणी मजुरीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला होता. साथ ओसरली आणि १९१८ च्या आरंभी मालकांनी तो बंद करण्याचे ठरवले. प्लेग गेला होता हे खरे; पण भाव उतरले नव्हते. कामगारांनी निदान पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांच्या वर जाईनात.

गांधीजींना यात अनसूयाबेन साराभाईंनी गोवले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई हे अनसूयाबेनचे धाकटे बंधू. भाऊ एका बाजूला आणि थोरली बहीण दुसऱ्या बाजूला, असा हा सामना होता. गांधीजींनी पहिली गोष्ट केली ती ही की, पन्नास आणि वीस यांच्या मधला आकडा डोळे मिटून न धरता भावांची व मजुरीची चौकशी केली, मुंबईच्या गिरण्यांत काय मिळते तेही पाहिले आणि पस्तीस टक्के हा आकडा न्याय्य ठरवला. मग कामगारांना पन्नासवरून पस्तीसवर येण्यास सांगितले. कामगारांच्या पुढाऱ्याने कामगारांचीच मागणी आधी खाली आणावी, हे पुष्कळांना विचित्र वाटले असेल. पण लढ्याचे बळ त्यातच होते. आकडा एकदा हिशेबाने ठरला, की त्यापासून हटण्याचे कारण उरत नाही.

२२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा भरे आणि रोज एक पत्रक निघे. १२ मार्चला मालकांनी, वीस टक्क्यांवर येणाऱ्यांसाठी दरवाजे उघडे आहेत, असे जाहीर केले. तेव्हापासून टाळेबंदीचा संप झाला. पोटाला चिमटा बसू लागला तशी माणसे डळमळू लागली, आणि १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले. ते कामगारांनी प्रतिज्ञा मोडू नये म्हणून होते. पण त्याचा दाब मालकांवर पडल्यावाचून राहिला नाही, व हा दोष पुढे गांधीजींनी स्वतःच आत्मचरित्रात मान्य केला. १८ मार्चला तडजोड झाली. ती मोठी गमतीची आहे. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची टेक राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद म्हणून प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवाडा आला तो पस्तीस टक्क्यांचाच. १९२० साली या लढ्यातूनच अहमदाबादचे ‘मजूर महाजन’ उभे राहिले.

मुंबईत गोष्टी याहून अवघड होत्या. तेथील गिरण्यांत कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आलेली माणसे. त्यांना कामावर घेणारा, काढणारा आणि प्रसंगी व्याजाने पैसे देणारा जॉबर हाच त्यांचा खरा धनी. बदली कामगार सकाळी फाटकाशी उभा राहायचा आणि जॉबरने खूण केली तरच आत जायचा. असा माणूस संघटना बांधणार कशी? तरीही नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ सालीच गिरणी कामगारांची सभा स्थापून मागण्या मांडल्या होत्या आणि १८९० साली रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पाडून घेतली होती. आज आपण रविवारी दुपारी निवांत पडतो, तेव्हा या गृहस्थाची आठवण किती जणांना होते कोण जाणे!

१९१९ आणि १९२० च्या आरंभी महागाईवरून मुंबईत दोन प्रचंड संप झाले. १९२० च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतच लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. परंतु संघटना करणे हे तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने धोक्याचेच काम होते. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणात हायकोर्टाने कामगार संघाच्या पुढाऱ्यांवर मनाईहुकूम बजावला. कारण काय, तर कामगारांना काम सोडण्यास सांगणे म्हणजे त्यांनी मालकाशी केलेला करार मोडण्याची चिथावणी देणे होय! या न्यायाने देशातला कोणताही संप नुकसानभरपाईच्या दाव्यास पात्र ठरला असता. ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न नेला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले. जवळजवळ शंभर वर्षे चाललेल्या त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे.

आता आकड्यांकडे वळू. प्रत्येक संपात दोन्ही पक्ष भावांविषयी वेगवेगळे दाखले देऊ लागले, तेव्हा मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस उघडले. त्या कचेरीने कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढण्यास आरंभ केला. निर्देशांक म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. एका कामगार कुटुंबाची वर्षभराची बाजाराची पिशवी डोळ्यांपुढे आणा. तीत धान्य किती, डाळ किती, तेल, गूळ, रॉकेल, कापड किती, खोलीभाडे किती, हे एकदा पाहणी करून ठरवायचे. ती पिशवी भरण्यास आरंभीच्या वर्षी जो खर्च आला त्याला शंभर म्हणायचे. मग दर महिन्यास तीच पिशवी, त्याच मापाने, चालू भावात भरून पाहायची. खर्च सव्वापट झाला तर निर्देशांक १२५. यात खरी मेख आहे ती प्रमाणाची, ज्याला भार म्हणतात. शंभर रुपयांतले साठ रुपये धान्याकडे जात असतील आणि धान्य दुप्पट महागले, तर एवढ्यानेच निर्देशांक साठ अंशांनी चढतो. पण पिशवीत धान्याचा वाटा चाळीसच धरला असेल तर चढ चाळीसचीच दिसते. भाव तोच, घर तेच, आणि कागदावरची महागाई मात्र वेगळी!

ही पिशवी नक्की करण्यासाठी फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ साली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. १९२३ साली तिचा अहवाल निघाला. त्यात एक वाक्य असे होते की ते पुढे कामगार चळवळीने कधीच विसरू दिले नाही. मुंबईचा कामगार जे धान्य खातो ते दुष्काळी कामांच्या नियमांत ठरवलेल्या कमाल प्रमाणाएवढे आहे, पण मुंबई तुरुंगनियमावलीत कैद्यासाठी सांगितलेल्या आहाराहून कमी आहे, असा तो निष्कर्ष. सरकारी कचेरीनेच हे लिहिल्यावर पुढाऱ्यांना निराळ्या अतिशयोक्तीची गरज उरली नाही.

निर्देशांक हे दुधारी शस्त्र आहे, हे लवकरच दिसून आले. भाव उतरू लागताच मालकांनी तोच आकडा पुढे केला. १९२५ साली मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. अखेर सरकारने १८९६ पासून गिरणीकापडावर चालत आलेली साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली आणि कपात मागे घेतली गेली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि त्यातून प्रबळ झालेली गिरणी कामगार युनियन हा स्वतंत्र भाषणाचाच विषय आहे. येथे तो सोडून देतो.

दुसरे महायुद्ध सुरू होताच भाव पुन्हा उसळले. न्यायमूर्ती रांगणेकरांच्या मंडळाने दिवसाला दोन आणे महागाई भत्ता सुचवला; तेवढ्याने समाधान न होऊन १९४० च्या मार्चमध्ये मुंबईत मोठा संप झाला. दोन आण्यांची ठोक रक्कम ही तात्पुरती मलमपट्टी होती. भाव वाढले की पुन्हा मागणी आणि पुन्हा संप, हे चक्र त्याने थांबणारे नव्हते. ते थांबवण्याचा मार्ग औद्योगिक न्यायालयाने काढला तो असा की, भत्ता निर्देशांकालाच बांधून टाकावा. १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरणी कामगाराचे किमान मूळ वेतन सव्वीस कामाच्या दिवसांचे तीस रुपये ठरले होते. महागाई भत्त्याचा दर पुढे असा ठरला : युद्धापूर्वीचा निर्देशांक १०५ धरून, त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशास दिवसाला १.९ पै.

हा एक दशांश नऊ पैचा आकडा कोठून आला, ते पाहण्यासारखे आहे. रुपयाच्या १९२ पै. तीस रुपयांच्या ५,७६० पै झाल्या. निर्देशांक १०५ असताना एवढ्यात घर चालते असे धरले, तर एका अंशाच्या वाढीची पूर्ण भरपाई ५,७६० भागिले १०५, म्हणजे महिन्याला जवळजवळ पंचावन्न पै. ती सव्वीस दिवसांत वाटली की दिवसाला २.११ पै येतात. याचे नव्वद टक्के म्हणजे १.९. तात्पर्य, सर्वांत कमी पगाराच्या कामगाराला शंभरात नव्वद भरपाई द्यायची आणि दहाचा चट्टा त्याने सोसायचा, असे त्या अपूर्णांकात लिहिलेले आहे.

उदाहरणादाखल निर्देशांक ३०५ झाला असे समजू. वाढ दोनशे अंशांची. दिवसाला ३८० पै, महिन्याला ९,८८० पै, म्हणजे सुमारे साडेएक्कावन रुपये. मूळ तीस धरून हाती येतात साडेएक्क्याऐंशीच्या आसपास. पूर्ण भरपाईसाठी सत्त्याऐंशी रुपये लागले असते. साडेपाच रुपयांच्या वरचा हा खड्डा वाण्याच्या उधारीने भरला जाई. आता साठ रुपये मूळ वेतनाच्या कुशल कारागिराचे पाहा. अंशाचा दर सर्वांना एकच, म्हणून त्यालाही भत्ता तेवढाच, साडेएक्कावन. त्याची भरपाई मात्र शंभरात पंचेचाळीससुद्धा जेमतेम होते. महागाई वाढत जाते तशी कुशल आणि अकुशल यांच्या वेतनातील दरी मिटत जाते. गरिबाला आधी वाचवावे हे योग्यच आहे; परंतु वीस वर्षे माग चालवलेल्या माणसाला आपल्या हातातल्या कसबाची किंमत उरली नाही असे वाटू लागले, तर त्याचेही म्हणणे ऐकून घ्यावयास हवे. संघटनांच्या आत यावरून जे मतभेद झाले त्यांना केवळ स्वार्थ म्हणून बाजूस सारणे मला न्यायाचे वाटत नाही.

भत्ता निर्देशांकाला बांधला गेला, तेव्हा भांडण मिटले नाही. ते निर्देशांकाच्या दारात जाऊन बसले. आकड्यातील एकेक अंश म्हणजे लाखो खिशांतील पैसे. तीस वर्षांपूर्वीच्या पिशवीत आजचे जीवन मावत नाही. मुलाची फी, औषधाची बाटली, गावाकडचे भाडे यांना जुन्या पिशवीत जागा नसते. पाहणी करणारा कारकून रेशनच्या दुकानातला ठरलेला भाव टिपतो, आणि कामगाराची बायको महिनाअखेरीस उरलेले धान्य बाहेरून चढ्या भावाने आणते. रोख भाव एक आणि उधारीचा भाव दुसरा, हे तर कोणत्याही चाळीत विचारावे. १९३३-३४ च्या पायावरील मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही, ही तक्रार वाढत जाऊन १९६३ साली आंदोलनाला पोचली. महाराष्ट्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिने निर्देशांक कमी दाखवला जात असल्याचे मान्य करून तो दुरुस्त करण्यास सांगितले. कामगारांना रस्त्यावर जे कळले होते ते समितीने गणिताने दाखवून दिले.

येथवर आपण महागाईच्या भरपाईबद्दल बोललो. न्याय्य मजुरीचा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. मूळ वेतनच अपुरे असेल, तर पूर्ण भरपाई देणारा भत्ता तो अपुरेपणा जसाच्या तसा जपून ठेवतो, एवढेच. १९४८ साली नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने म्हणूनच तीन पायऱ्या सांगितल्या. खाली किमान वेतन, वर निर्वाह-वेतन, ज्यात शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद बसते. आणि मध्ये, उद्योगाच्या ऐपतीप्रमाणे, न्याय्य वेतन. किमान म्हणजे नेमके काय, हे १९५७ च्या जुलैमध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात ठरले. एका कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च धरावा, डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न. माणशी वर्षाला अठरा वार, चौघांच्या कुटुंबास बहात्तर वार कापड. सरकारी औद्योगिक वसाहतीतील किमान भाडे. आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ मिळून एकूण वेतनाच्या वीस टक्के. बहात्तर वारांत चार माणसांचे वर्ष कसे निघते ते गृहिणींनीच सांगावे! परंतु मागणीला माप मिळाले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, करमणूक, लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के त्यात घालण्यास सांगितले.

आणि उद्योगाची ऐपतच नसेल तर? क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी याचे उत्तर दिले आहे. जो उद्योग आपल्या माणसांना किमान वेतनसुद्धा देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा अधिकार नाही, असा त्याचा आशय.

मुंबईच्या ज्या गिरण्यांत हे सारे घडले त्या आता उरल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि पुष्कळ कामगार परत आत गेले नाहीत. आपल्या इंदूरकर वाचकांना तर दूरचे उदाहरण नकोच. हुकुमचंद मिल १९९२ साली बंद पडली, आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा धनादेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या एकतीस वर्षांत शंभर रुपयांचे काय झाले, याचा हिशेब निर्देशांक काढून कोणालाही करता येईल.

निर्देशांक मात्र चालू आहे. औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय आकडा सप्टेंबर २०२० पासून २०१६ या नव्या पायावर निघू लागला. देशातील ८८ केंद्रांतून भाव गोळा होतात. नव्या आकड्यास २.८८ ने गुणले की २००१ च्या पायाचा आकडा येतो. पिशवीतील अन्नाचा भार ४६.१९ वरून ३९.१७ वर उतरला आहे. सरासरी कामगार पूर्वीहून बऱ्या स्थितीत आहे, असा याचा एक अर्थ. आणि ज्याची मिळकत अजूनही निम्मी अन्नावरच जाते त्याची महागाई या आकड्यात कमी उमटते, असा दुसरा. ठेकेदाराकडे काम करणारे आणि रोजंदारीवरचे लोक या दुसऱ्या गटात अधिक आहेत, व त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना थोड्या आहेत. केंद्राच्या अखत्यारीतील उद्योगांत किमान वेतनावरचा बदलता महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन तारखांना सुधारला जातो. राज्यांच्या तारखा आपापल्या आहेत. वेतनचिठ्ठीवर मूळ वेतन आणि भत्ता असे दोन वेगळे रकाने नसून एकच ठोक रक्कम लिहिलेली असेल, तर त्या तारखेनंतर वाढ मिळाली की नाही हे कामगाराला कळण्यास मार्ग राहत नाही.